आठवी वायर

आमच्या चिलिंग सेंटरवर देविदास आडे नावाचा ऑपरेटर होता. अख्खं गाव त्याला 'पॉइंट' म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि त्या माणसाला त्याचा अभिमान होता, आता बोला! कोणी सहज विचारलं, "देविदास, ऊन लई हाय ना रे?" की हा मान वर करून म्हणणार, "छत्तीस पॉइंट चार." विचारणाऱ्यालाच वाटायचं, उगीच तोंड उघडलं.

मी सटवाजी. त्याच सेंटरवर दूध मोजून घ्यायचं आणि त्यात फॅट किती ते तपासायचं काम माझ्याकडं होतं. देविदासची बडबड ऐकायचं कामही माझ्याकडंच होतं, पण त्याचा पगार मला कोणी दिला नाही.

सेंटर जवळा बाजारच्या अलीकडं, रस्त्याला लागून. हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणून ऑफिसं आली, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. वीज तेवढी यायची राहिली. सकाळी गावोगावचं दूध यायचं, थंड होऊन टँकरनं जायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. दुपारी सेंटर रिकामं आणि लोडशेडिंगही नेमकं दुपारीच. सरकारला आमच्या झोपेची काळजी होती म्हणायची.

देविदास तांड्यावरचा. आजा बैलांवर माल लादून गावोगाव फिरलेला, बाप वसराम कोरडवाहू शेती करणारा, आणि हा नांदेडला आयटीआय करून आलेला. तांड्यावरचा पहिला ऑपरेटर. बायको संगिता, आणि पहिलीतली लेक पुजा. राहायला सेंटरच्या मागचं क्वार्टर. पुजा म्हणजे त्याचा जीव की प्राण. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ऐकताना तुम्हाला तसं वाटणार नाही.

तर एके दिवशी जिल्ह्याच्या ऑफिसातून खिल्लारे साहेब जीपमध्ये एक डब्बा घेऊन आले. रेडिओएवढा डब्बा, पुढं हिरव्या आकड्यांची काच आणि मागून निघालेल्या आठ वायरी. प्रत्येक वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी स्टीलची नळी. नळी जिथं ठेवाल तिथला गरमपणा डब्ब्याला कळणार. सात नळ्या टाक्यांत आणि पाइपांत बसवल्या. आठवी दूध थंड करणाऱ्या मोटारीच्या अंगाला लावायची होती. मोटार जळली तर नवी आणायला ऑफिसाच्या नाकी नऊ येतात, म्हणून.

साहेबांनी समजावून सांगितलं. "हे बघा, डब्बा आठी वायरी एकदम बघत नाही. एक नंबर बघतो, मग दोन, मग तीन. आठ झाले की पुन्हा एक. ज्या घडीला बघतो त्या घडीचंच त्याला कळतं. मधे काय झालं, ते त्याच्या गावीही नसतं."

"म्हंजी आमच्या सरपंचासारखं," मी म्हणालो.

साहेब हसले. देविदास हसला नाही. त्याचे डोळे त्या हिरव्या काचेवर खिळले होते. एक टिक व्हायचं, एक आकडा यायचा. पुन्हा टिक, पुन्हा आकडा. लग्नात नवरीकडं पाहिलं नसेल इतकं त्यानं त्या डब्ब्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून गडी कामातून गेला. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. यानं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मोटारीच्या आधी डब्ब्याला वाहिलं. आणि महिनाभरातच त्यानं आठवी नळी मोटारीवरून काढली. मी म्हणालो, "अरे, ती मोटारीची हाय!" तर म्हणे, "मोटार मी आवाजावर वळखतो. तिला काहून वायर वाया घालवायची?" वायरीला जोड दिला, खिडकीतून बाहेर काढली, भिंतीवरून, संगिताच्या वाळत घातलेल्या लुगड्यांखालून नेली आणि सरळ घरात घातली. डब्बा सेंटरमध्ये आणि आठवी नळी चुलीपाशी.

मग काय विचारता! संगितानं कालवण केलं की आधी त्यात नळी. ती ओरडायची, "घरात मला नवरा हाय का इन्स्पेक्टर?" कोंबडी अंड्यावर बसली की तिच्या पोटाखाली नळी. हा क्वार्टरमधून पळत सेंटरमध्ये जायचा, काच बघायचा, पळत परत यायचा आणि कोंबडीचा आकडा सांगायचा. कोंबडीला त्याचं काही नव्हतं. संगिताला मात्र शेजारणींत तोंड दाखवायची चोरी झाली.

डब्ब्याला लोडशेडिंगमध्ये चालावं म्हणून साहेबांनी एक बॅटरी दिली होती. आता दुपारी सेंटर रिकामं, उकाडा भयंकर, आणि बॅटरी नुसती बसून. देविदासनं जुन्या ट्रॅक्टरचा छोटा पंखा मिळवला आणि बॅटरी त्याला जोडली. डब्बा दुपारभर बंद, पंखा चालू, आणि पंख्याखाली पॉइंटसाहेब घोरत. डब्ब्याचा एवढा भक्त, पण दुपारच्या झोपेपुढं देवालाही सुट्टी.

आणि मग पुजाला ताप यायला लागला.

पोळा होऊन गेला होता. पहिल्या दिवशी दुपारी पोरगी शाळेतून आली ती थरथर कापतच. संगितानं गोधड्या घातल्या. मग अंग असं तापलं की हात ठेववेना. संध्याकाळी घामानं न्हाली, ताप उतरला, पोरगी उठून बसली आणि भाकर मागितली. देविदास तेव्हा ड्युटीवर. त्यानं नळी पोरीच्या काखेत ठेवायला लावली, सेंटरमध्ये जाऊन काच पाहिली आणि तिथूनच ओरडला, "सदतीसला दोन पॉइंट कमी! बराबर हाय!"

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच कापणं, तोच ताप. संध्याकाळी पुन्हा आकडा बराबर.

संगिता म्हणाली, "दुपारी येऊन बघा. पोरगी भाजून निघून राहिली."

"मी रोज दोनदा बघून राहिलो, सकाळी अन् संध्याकाळी. आकडा लिहून आल्यासारखा बराबर येतो. तुझ्या हाताला चुलीची सवय, तुला सगळंच गरम लागतं."

बाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती पोरीला घेऊन आरोग्य उपकेंद्रावर गेली. सिस्टरची वेळ सकाळची. सकाळी पुजा थंडगार. सिस्टरनं थर्मामीटर लावलं, पाहिलं, तापाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "ताप आला की आणा." ताप आला की उपकेंद्राला कुलूप. आता या बाईनं करावं तरी काय? जो तो आपापल्या वेळेला पोरीकडं बघायचा, आणि ताप आपल्या वेळेला यायचा. हिवतापाला कोणी ड्युटीचा तक्ता दाखवला नव्हता.

पुजा वाळत चालली. चेहरा हळदीसारखा, पोट डाव्या अंगाला फुगलेलं. मी देविदासला खडसावलं, "अरे, आकडा राहू दे, पोरीच्या तोंडाकडं बघ!" त्यानं बघितलं. मला वाटतं, मनातून तो हबकलाच होता. पण ज्याला उभ्या तांड्यानं मशीनचा माणूस म्हणून डोक्यावर घेतलेलं, त्यानं मशीनचं खोटं कसं म्हणावं? रात्री निजलेल्या पोरीच्या काखेत नळी सरकवायचा आणि सकाळी उठल्याबरोबर काच बघायला धावायचा. आकडा बराबर निघाला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. दुपारी डब्बा बंद होता आणि तो स्वतःही.

इकडं जिल्ह्याच्या ऑफिसात डब्ब्यातून आणलेले आकडे तपासताना खिल्लारे साहेबांच्या लक्षात आलं की आमच्या डब्ब्याला दुपारचं काही दिसतच नाही. साहेब न सांगता आले. पंखा फिरत होता, पॉइंट घोरत होता.

"आडे, हा डब्बा दुपारी आंधळा का होतो ते आता कळलं मला," साहेब म्हणाले.

देविदासचं तोंड एवढंसं झालं. साहेबांनी पंखा काढला, बॅटरीला जाळीचं कपाट करून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. वर डब्ब्याला टेलिफोनची तार जोडली. कुठलीही वायर ठरवल्यापेक्षा जास्त तापली की डब्बा आपण होऊन ऑफिसला फोन करणार. आठव्या वायरीचा आकडा अलीकडं सदतीसच्या पुढं जातच नव्हता, म्हणून तिला एकोणचाळीसची हद्द घातली; त्याच्या वर गेलं म्हणजे मोटारीचं काहीतरी बिनसलं. साहेब मोटारीची नळी बघायला निघालेच होते, तेवढ्यात चहा आला. चहामुळं या देशात किती गोष्टी बघायच्या राहिल्या असतील, देव जाणे. त्या दिवशी मात्र राहिलं ते बरं झालं.

त्यानंतरची तापाची दुपार. वीज गेलेली, पंखा नाही, म्हणून देविदास रस्त्यावरच्या पानटपरीवर बसून लोकांना हद्द म्हणजे काय ते समजावून सांगत होता. मी सेंटरच्या ओट्यावर आडवा पडलो होतो. घरात पुजा तापानं बडबडत होती. नळी काखेतच राहिलेली. संगिताला ती काढायचंही भान नव्हतं. ओल्या फडक्यावर फडकं ठेवणं चाललेलं. आत डब्बा टिक-टिक करत एकेका वायरीकडं बघत होता. आठव्या वायरीशी आला, आणि पहिल्यांदाच त्यानं दुपारची पुजा पाहिली.

हिंगोलीला ऑफिसात फोन वाजला. साहेबांनी उचलला. आतून रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, "नंबर आठ, तापमान अधिक है." साहेब जेवणाचा डबा उघडाच टाकून जीपमध्ये बसले.

जीप धुरळा उडवत आली. साहेब उतरले ते तापलेलेच. "कुठं हाय तो? मोटार जाळली ना अखेर!" मी धडपडत उठलो. टपरीवरून देविदास पळत आला. साहेब मोटारीच्या खोलीत घुसले, मोटारीवर हात ठेवला आणि तिथंच थांबले.

"ही तर बंद हाय."

"वीज न्हाई, साहेब," मी म्हणालो.

"मग तापली कशी?"

आता याचं उत्तर कोण देणार?  साहेब डब्ब्यापाशी आले, आठवी वायर हातात धरली आणि तिच्यामागं चालायला लागले. खिडकीपर्यंत गेले. बाहेरून फिरून भिंतीपाशी आले. लुगडी बाजूला करत, वायर हातातून सरकवत क्वार्टरच्या दारात आले. त्यांच्या मागं देविदास, त्याच्या मागं मी. वायर आत गेली होती, बाजेवर चढली होती आणि गोधडीखाली शिरली होती. साहेबांनी गोधडी उचलली.

पोरीच्या काखेत नळी. डोळे पांढरे. आणि आम्ही बघत असतानाच तिला झटका आला. संगितानं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं आणि किंचाळली, "आता तरी बघा! दुपार हाय!"

साहेबांनी पोरीला उचललं. नळी काखेतून निसटून जमिनीवर पडली, टणकन आवाज झाला. देविदास ती उचलायला वाकला, खरं सांगतो, सवयीनं वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, तेव्हा कुठं तो जीपमागं धावला.

वसमतच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिवताप. डॉक्टर म्हणाले, अजून एखाद-दुसरी पाळी घरात काढली असती तर पोरगी हाताला लागली नसती. "एकाआड एक दिवस दुपारी येतो, संध्याकाळी उतरतो. तुम्ही कधी बघत होता?" देविदासनं सांगितलं, सकाळी आणि संध्याकाळी. डॉक्टरांनी मान खाली घालून औषध लिहिलं. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

औषध सुरू झालं तरी एकदा पुन्हा दुपारी ताप चढला. मी भेटायला गेलो होतो. देविदास खाटेपाशी बसलेला. संगितानं त्याचा हात धरला आणि पुजाच्या कपाळावर ठेवला. मला तर वाटतं, त्यानं जन्मात पहिल्यांदा असा हात ठेवला असेल.  मग तो बायकोला हळूच म्हणाला, "किती असंल?"

"हात ठेवलाय ना? मग?"

"मला कळंना, संगिता."

"ठेवा तसाच. कळंल."

तो ढसाढसा रडला. रडतानाही हात त्यानं काढला नाही.

पुजा वाचली. खिल्लारे साहेब बघायला आले तेव्हा देविदास त्यांच्या पाया पडायला गेला, पण संगिता ताठ उभी. म्हणाली, "साहेब, तुमचे उपकार हायत. पण तुमची जीप मोटारीसाठी आली व्हती. माझी पोरगी मोटार असती तर पयल्याच तापाला आली असती ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

पुढं ऑफिसचा हुकूम आला. आठवी वायर परत मोटारीला. साहेबांनी स्वतः येऊन नळी मोटारीवर बसवली, तारेनं आवळली आणि वर शिशाचं सील ठोकलं. देविदास बाजूला उभा राहून बघत होता. पॉइंट म्हणणं त्यानं सोडलंच होतं. कोणी विचारलं, "ऊन किती?" तर म्हणायचा, "लई हाय." लोकांची करमणूक गेली.

पण तांड्यावर गोष्ट पोचायची तशीच पोचली. त्यांचं म्हणणं एकदम सरळ. उपकेंद्राला फोन केला तर कोणी उचलत नाही, गाडी मागितली तर मिळत नाही. पण देविदासकडं एक वायर हाय, ती लावली की जीप येते.

आणि दिवाळीच्या आधी एक दिवस, भर दुपारी, देविदासच्या भावकीतली रूपाबाई आली. तांड्यावरून चालत. कडेवर तिचं लेकरू, पुजापेक्षा लहान, मान टाकलेलं. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "देविदास, ती जीपवाली वायर लाव."

"ती मोटारीची हाय, वयनी. सील हाय तिला."

"मंग काढ."

"नोकरी जाईल माझी."

 रूपाबाईनं नुसतं लेकरू पुढं धरलं. देविदासनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. या वेळी त्याला कळलं. क्वार्टरच्या दारात संगिता येऊन उभी राहिली होती, पुजा तिच्या लुगड्याला धरून.  

हा तो माणूस, ज्यानं डब्ब्याच्या आकड्यावर कधी ब्र काढू दिला नव्हता. त्यानं पक्कड आणली, सील कचकन तोडलं, जोड दिलेली लांब वायर ओट्यापर्यंत ओढली, नळी धडुत्याला पुसली आणि लेकराच्या काखेत घातली. मोटारीच्या नावावर माणसाचा ताप! डब्ब्यानं आपली पाळी येईपर्यंत एक, दोन, तीन करत बाकीच्या वायरी बघितल्या. त्याला कसली घाई? आम्ही तिघं-चौघं त्या काचेपुढं उभे. आठवर आला. आकडा हद्दीच्या वर. आतून टेलिफोनची खडखड ऐकू आली.

जीप आली. मागच्या वेळेपेक्षा लवकर आली, असं मला वाटलं. मी मनात जुळवाजुळव करून ठेवली होती: सील उंदरानं कुरतडलं म्हणू, की आपोआप निसटलं म्हणू. देविदास पक्कड हातात घेऊनच उभा, लपवायचंही सुचलं नाही त्याला. खिल्लारे साहेब उतरले. मोटारीच्या खोलीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जीपच्या मागच्या सीटवर सतरंजी अंथरलेली होती.

"कुणाचं लेकरू हाय?" त्यांनी विचारलं.

रूपाबाई उठली. साहेबांनी नळी हळूच काखेतून काढून देविदासच्या हातात दिली आणि लेकरू उचललं. जीपमध्ये बसता बसता माझ्याकडं वळून म्हणाले, "सटवाजी, मोटार कशी हाय?"

"गार हाय, साहेब. दुपारपासून वीजच न्हाई."

"बराबर," साहेब म्हणाले, आणि ड्रायव्हरला गाडी वसमतकडं घ्यायला सांगितली.